सरांच्या समोर

खेमराज सर माणसाचं तोंड बघत नाहीत, पाय बघतात.

माझ्या शेजारची खोली त्यांनी भाड्याने घेतली त्या दिवशी शेजारधर्म म्हणून मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप हातात घेतला, नजर माझ्या पायांवर ठेवली आणि म्हणाले, "ताई, मशीन उजव्याच पायानं चालवता न? डावा रुसून राहिला. त्याले बी काम देत जा."

मी लाखांदुरात पंधरा वर्षांपासून कपडे शिवते. लोकांची मापं घेण्यात जन्म गेला, पण माझ्या पायांकडे असं टक लावून माझ्या नवऱ्यानेही कधी पाहिलं नव्हतं. मी तणतणत परत आले. पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी मशीनच्या पायडलवर डावा पाय ठेवला आणि महिनाभरात कंबर दुखायची थांबली.

सर गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहेत. जखमा धुणं, पट्टी बांधणं, डॉक्टर सुई टोचतात तेव्हा बैलाला धरून ठेवणं ही त्यांची कामं. त्यामुळेच ही खोड लागली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ते स्वतःही तसंच सांगायचे. "बैल सांगते का तोंडानं, मले दुखून राहिलं म्हणून? खूर सांगते. माणसाचं तोंड त नुसतं खोटं बोलते. पाय नाही बोलत."

एकदा एका लग्नात बँकेचे साहेब नवे बूट घालून त्यांच्यापुढे उभे राहिले. सरांनी ओळखच दिली नाही. साहेब फुगून निघून गेले. आठ दिवसांनी तेच साहेब देवळाच्या पायरीवर अनवाणी दिसले, तर सर दुरूनच ओरडले, "अरे साहेब! लय दिवसानं!"

तर असे हे सर पोरींना नाच शिकवतात. स्वतः कधी नाचून दाखवत नाहीत. बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये रोज सकाळी सहाला तालीम, आणि ऑगस्टमध्ये भंडाऱ्याला जिल्ह्याची समूहनृत्य स्पर्धा. जाणार बारा पोरी. माझी मृणाल तेरा वर्षांची. तिने जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन गेले.

तिथे परीक्षा काय, तर पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवायचे आणि फरशीवर दहा पावलं चालायचं. सर उकिडवे बसून ओले ठसे बघत होते. मृणालचे ठसे त्यांनी वाळेपर्यंत पाहिले. "टाच भारी आहे. पण इमानदार आहे. घेतली," म्हणाले, आणि माझ्या हातात नियमांचा कागद दिला. हाताने लिहिलेला, झेरॉक्स काढलेला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

'नखं कापलेली पाहिजे. ज्या पालकाच्या तोंडात तंबाखूचा खर्रा असेल त्याने शेडच्या बाहेर थांबावे. मागच्या लाईनीत लावलं म्हणून कोणाच्या आईने फोन करू नये. विद्यार्थिनी रोज सरांच्या समोर हजर पाहिजे, तीन खाडे झाले की नाव कट. सही आई-बाप दोघांनीही करावी, कारण नंतर एकजण म्हणते मले माहीत नव्हतं.'

आम्ही दोघांनी सह्या केल्या. मृणाल मागच्या लाईनीत लागली. मी फोन केला नाही. भिंतीपलीकडेच तर राहतात, तोंडीच सांगितलं, हे बरोबर नाही म्हणून. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही खोटं बोलून राहिल्या. तुमचे पाय म्हणते, हे बरोबर आहे."

जूनच्या शेवटी रोशनी आली. दिघोरीची, चौदा वर्षांची, सकाळच्या पहिल्या एसटीने यायची. तिच्या पायांत काय होतं कोण जाणे. ती नाचायला लागली की बाकीच्या पोरी आपापलं विसरून तिच्याकडेच बघत बसायच्या. सरांनी तिला थेट पुढच्या ओळीत मधोमध उभं केलं. पोशाख मीच शिवणार होते, म्हणून मापाची टेप घेऊन तिथेच बसले होते. मला ते झोंबलं.

पण पहिल्याच दिवशी गंमत झाली. सर ओरडले, "चला, समोर!" अकरा पोरी पुढे गेल्या आणि रोशनी सर्रकन मागे. मागून पुढे येणाऱ्या मृणालच्या कपाळावर तिचं डोकं आपटलं. दोघी फरशीवर.

"समोर म्हटलं न मी!" सर म्हणाले.

"समोरच त गेली, सर," रोशनी डोकं चोळत म्हणाली. "आमच्या इकडे रोवण्यात असंच जातेत समोर."

मग आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, वाकून, मागे मागे सरकत करतात. पुढे पाय टाकला तर आत्ताच लावलेली रोपं तुडवली जातील. ओळीतली म्हातारी बाई 'समोर घ्या वो' म्हणाली, की सगळ्या बाया एक पाऊल मागे येतात. रोशनी आठ वर्षांची असल्यापासून हेच 'समोर' ऐकत आली होती. शेडमध्ये हशा पिकला. सर हसले नाहीत. ते बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले आणि त्या दिवशी तालीम लवकर सुटली.

जुलैत पाऊस जमला आणि दिघोरीत रोवण्याची घाई सुरू झाली. रोशनीचा एक खाडा पडला, मग दुसरा. घरचं शेत थोडं, त्यात फेडाफेडीची पद्धत. आज त्यांनी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवायचं, उद्या आपण त्यांच्या. घरातला एक हात कमी झाला की आईची पंचाईत. पोरी सरांना विनवायला लागल्या, नियम थोडा सैल करा म्हणून.

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. "पाऊस सैल करते का?"

आता आपल्या मनातलं पाप सांगते. तिसरा खाडा पडला तर रोशनीचं नाव जाणार होतं आणि तिच्या जागी पुढच्या ओळीत माझी मृणाल येणार होती. मी रोज आभाळाकडे बघून म्हणायचे, पड रे बाबा, आणखी पड. शेतकऱ्यांसाठी म्हणते आहे, अशी स्वतःची समजूतही घालायचे.

पण तिसरा खाडा काही पडेना. रोशनी आठ दिवस शेडमध्ये फिरकली नाही आणि हजेरीबुकात तिच्या नावापुढे रोज 'हजर'! आयांमध्ये कुजबुज सुरू झाली. सगळ्यात मोठी कुजबुज माझी होती. सरांना विचारावं तर दवाखाना सुटला की ते सायकल काढून गायब. कुठे जाता विचारलं, तर म्हणायचे, "लसीकरण चालू आहे."

रविवारी मी पिशवीत टेप टाकली आणि दिघोरीची एसटी धरली. रोशनीच्या पोशाखाचं माप घ्यायचं होतं, हे खरं. ती घरी बसून हजेरी खाते हे डोळ्यांनी बघून चार बायांना सांगायचं होतं, हे जास्त खरं.

शेताजवळ पोचले. बांधीत आठ-नऊ बाया डोक्यावरून प्लास्टिकची पन्नी घेऊन वाकलेल्या आणि त्यांच्या ओळीत मधोमध एक पुरुष. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली. हातात रोपांची जुडी. खेमराज सर रोवणा करत होते! आणि बाजूच्या धुऱ्यावर, वीतभर रुंदीच्या त्या बांधावर, रोशनी नाचत होती. सर चिखलातून मान वर न करता तिच्या पायांकडे बघत ओरडत होते, "पाच, सहा, टाच! टाच कुठं गेली?"

मला बघून रोशनीची आई कमरेवर हात देत उभी राहिली. "रोज येतेत, बाई. म्हणतेत, पोरीच्या वाट्याच्या ओळी मी लावतो, तिले धुऱ्यावर नाचू द्या. ओळी वाकड्या लावतेत थोड्या. पण असू द्या, धान त सरळच येते."

सर बांधीतून बाहेर आले. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, "सर, हे काहून? नियम सैल केला असता त झालं नसतं का?"

ते धुऱ्यावर बसले आणि स्वतःच्या चिखलाने भरलेल्या पायांशी बोलावं तसं बोलले. ते आसगावचे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि मंडईत दंडार होते, नाचगाण्याचा खेळ. सर तेरा वर्षांचे होते त्या वर्षी ते दंडारीत राणीची सखी होणार होते. तेवढ्यात धानाची कापणी आली. बापाने विळा हातात दिला.

"तीन दिवस तालमीले नाही गेलो. चौथ्या दिवशी गेलो त माझं लुगडं दुसऱ्याच्या अंगावर. त्यांची चुकी नव्हती, ताई. नियम होता. पण त्या तीन दिवसांत कोणी धुऱ्यावर येऊन विचारलं नाही, काहून नाही येऊन राहिला बाप्पा म्हणून. एका माणसानं नाही." पोटरीवरचा चिखल निपटत म्हणाले, "मंडईत गेलो मी. खाली मान घालून गेलो. पूर्ण दंडार नुसते पाय पाहून आलो."

 मी टेप काढली आणि रोशनीचं माप घेतलं. मनगटावर, खांद्यावर चिखल होता. तो माझ्या टेपला लागला. मला माझी लाज वाटत होती.

घरी येऊन मी तो नियमांचा कागद पुन्हा वाचला. 'सरांच्या समोर हजर पाहिजे.' शेडमध्ये हजर पाहिजे, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या आयांना मी तो कागद बोट ठेवून वाचून दाखवला. एक-दोघींनी नाक मुरडलं. त्यांचे ब्लाउज माझ्याकडे शिवायला पडले होते, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

भंडाऱ्यात आमचा तिसरा नंबर आला. पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं.

मी आणि सर पहिल्या रांगेत बसलो होतो. सर चपला घालून आले होते. मी म्हटलं, बूट काय झाले? आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे पाय नीट पाहिले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोललेल्या. तीन आठवडे चिखलात उभं राहून झालेल्या चिखल्या. बूट चढतच नव्हते. मी काय बघते ते कळल्यावर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

नाचाचा शेवट त्यांनी बदलला होता. ढोलकी संथ झाली. रोशनीने "समोर घ्या वो!" अशी हाक दिली. पुढची ओळ वाकली आणि रोवत रोवत एकेक पाऊल मागे सरकायला लागली. मागच्या ओळीच्या फटींतून पार मागे गेली आणि मागच्या पोरी न हलता सगळ्यांच्या पुढे आल्या. सभागृहात खेड्यापाड्यांतल्या बाया होत्या. त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. कुठूनतरी एकीने हाकेला ओ दिली, मग दुसरीने, आणि टाळ्यांत ढोलकी ऐकू येईना.

सर माझ्याकडे झुकले. नजर स्टेजवरच्या चोवीस पायांवर.  "ताई, पोरी हसून राहिल्या का?"

"मान वर करा न, सर. तुम्हीच पाहा."

त्यांनी मान वर केली. हळूहळू, घाबरत. एकेका तोंडावरून त्यांची नजर फिरली. मागे उभ्या रोशनीपाशी थांबली, मग पुढे आली.

"हे कोण होय, समोरची? खळीवाली?"

"माझी मृणाल, सर. तीन महिन्यांपासून शिकवून राहिले तुम्ही तिले."

"अस्सं होय?" ते म्हणाले. "मंगाशीच म्हटलं, टाच ओळखीची वाटून राहिली." आणि खिशात रुमाल शोधायला लागले.