मास्तरांचं परफेक्ट फिटिंग

"एक सूत इकडचं तिकडे होणार नाही!" मास्तरांनी छाती ठोकून सांगितलं. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. त्यांनी शिवलेला कोट अंगावर असा बसायचा की गिऱ्हाईक शिंकायला घाबरायचं! गळ्यातली टेप ते फक्त आंघोळीला काढत.

गॅरेज एक आणि गाड्या दोन, म्हणून मास्तरांनी गाडी उचलायची चार खांबांची लिफ्ट बसवून घेतली. त्यांची जुनी, लांबलचक, लाडकी गाडी वर जाणार आणि बायकोची चिमुकली गाडी तिच्या खाली राहणार होती. बायको नर्स. सोमवारपासून घरोघरी जाऊन पेशंट बघायची नवी नोकरी तिला मिळाली होती, पण लायसन्स असेल तरच. दोनदा नापास झाल्यावर, तीन महिने थांबून मिळालेली टेस्ट उद्या सकाळी अकराला, तिच्याच गाडीवर होती.

"अहो, आधी ते माहितीपुस्तक वाचा ना," ती म्हणाली.

"पुस्तक वाचून कुणी कोट शिवतं का? तू मध्ये पडू नकोस!"

गॅरेजचं दार वर सरकून छताखाली आडवं होणारं. मास्तरांनी आपली गाडी त्या उघड्या दाराच्या जरा खालपर्यंत उचलली, बायकोची गाडी आत घेतली आणि दार लावलं. झालं की काम! पण दार खाली आल्यावर त्यांच्या गाडीचं टप आणि छत यांच्यामध्ये चांगली हातभर जागा दिसायला लागली. इतकं ढगळ फिटिंग मास्तरांच्या डोळ्याला खुपलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. खट, खट, खट करत गाडी चढली आणि छताला बोटभर राहिली.

"याला म्हणतात फिटिंग!" म्हणत ते जेवायला गेले.

सकाळी नऊ वाजता बायको तयार होऊन घरातल्या दाराने गॅरेजमध्ये आली. तिने दार उघडायला घेतलं. ते वीतभर वर गेलं आणि अडकलं. दाराला जिथे आडवं व्हायचं होतं, तिथे मास्तरांची गाडी ऐसपैस पसरली होती!

"घाबरू नकोस, थोडी खाली घेतो," म्हणत मास्तरांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म! त्यांनी लिफ्ट बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला.

"सोपं आहे, मास्तर. आधी चार बोटं वर घ्या. म्हणजे खांबांमधले खटके सुटतील. मग खाली घ्या."

"वर जागा नाहीये."

"किती आहे?"

"एक बोट."



"मी दुपारी येतो," मिस्त्री म्हणाला.

साडेनऊ झाले. मास्तरांना घाम फुटला. "छत फोडू का?" ते हातोडी घेऊन धावले. मग खाली हातोडी आणि वर लाडकी गाडी बघून त्यांचाच धीर सुटला. त्यांना खरंच रडू येत होतं. आपल्या हौसेपायी तिची नोकरी जाणार!

"हातोडी ठेवा," बायको म्हणाली. "स्टूल आणा आणि तुमच्या गाडीच्या चाकांमधली हवा सोडा. चारही."

"माझ्या गाडीची?"

"मग काय माझ्या?"

फुस्स, फुस्स! लाडकी गाडी हळूहळू बसली आणि वर चार बोटं जागा झाली. मास्तरांनी श्वास रोखून गाडी वर घेतली. खट! मग ती अलगद कालच्या जागी आली, दार उघडलं आणि बायकोने गाडी बाहेर काढली. शिकाऊ लायसन्सच्या नियमाप्रमाणे शेजारी मास्तर बसले.

"डावीकडे जरा जास्त..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो, गप्प बसा." ते बसले.

अकराला पाच कमी असताना ते पोहोचले आणि ती पास झाली!

परतताना मास्तरांनी हळूच विचारलं, "खटक्यांचं तुला आधी माहीत होतं?"

"पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे. काल रात्री वाचलं. पण तुम्ही वर छतच गाठलंय, हे मला सकाळी कळलं. कोटाच्या शिवणीत मार्जिन सोडता ना? मग इथे का नाही सोडलंत?"



आता लिफ्टच्या बटणावर नर्सबाईंच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे : 'दाबण्याआधी बायकोला विचारावे.' मास्तर इमानदारीत विचारतात. परवा तर त्यांनी पंखा लावायच्या आधीही विचारलं.