एक बोट हळद

मालनला परळच्या एका इस्पितळात नर्सची नोकरी लागली. मंगळवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं, आणि मेट्रनबाईंनी कळवलेल्या यादीतली एकूण एक वस्तू सोमवारी सकाळीच लालबागच्या चाळीतल्या खोलीत पाटावर मांडून तयार होती. सेकंद काट्याचं घड्याळ, बोथट टोकाची कात्री, थर्मामीटर, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि वर घडी घातलेली पांढरीशुभ्र साडी. दुसरी साडी तेवढी इस्त्रीला गेलेली. आता ह्यात मालनच्या वडिलांनी, म्हणजे लवूने, हात घालण्यासारखं काही उरलं होतं का? काही नाही.

पण त्या दिवशी हरताळ होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणी बंद, दुकानं बंद, लाँड्रीचीही फळी लागलेली. लवू घरात एकटा. (कामावरचा लवू परवडला, पण रिकामा लवू नको, असं त्याची बायको सुभद्रा चारचौघांत सांगत असे.) वीस वर्षं तो गिरणीत मागांची दुरुस्ती करत होता, आणि दर दसऱ्याला मागाला हळदकुंकू वाहिल्याशिवाय त्याने कधी पान्याला हात लावला नव्हता. पोरीची हत्यारं तशीच कोरडी कामाला जाणार? त्याच्या मनाला पटेना.

त्याने हळद भिजवली. कात्रीला एक बोट, घड्याळाच्या पट्ट्याला एक बोट, थर्मामीटरच्या डबीला एक बोट. मग साडी तरी का मागे ठेवा, म्हणून पदराला एक बोट.

लोखंडावरची हळद पुसली जाते. साडी काही लोखंडाची नव्हती. पिवळा डाग पसरत चालला. सुभद्रा आणि मालन नळावरून यायच्या आत उरकावं म्हणून त्याने साबणाची वडी घेतली आणि पदर खसाखसा घासला. डाग बघता बघता लालभडक झाला. तो आणखी घासू लागला, तसा डाग आणखी लाल झाला.

सुभद्रा आणि मालन दारात आल्या तेव्हा लवू मोरीत बसला होता, आणि हातात जणू कुणाचा तरी खून झालेला पदर होता.

"बाबा, हे काय केलंत?"

"पूजा," लवू म्हणाला.

मालन मटकन खाली बसली. "डाग असलेली साडी चालणार नाही म्हणून यादीतच लिहिलंय. परत पाठवतील मला. माझ्यामागे चाळीस मुली थांबल्यात." तिचे डोळे भरून आले, आणि लवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हळदीला साबण लावतात काय कोण?" सुभद्रा म्हणाली. तिने लिंबू पिळलं. लाल डाग परत पिवळा झाला. "आता कडक ऊन दाखवा. उन्हात हळद उडते. जावा गच्चीवर, आणि साडी सोडून हलू नका."

गच्चीवर ऊन रग्गड होतं, पण जागा नव्हती. मसाल्याचे दिवस, सगळ्या चाळीच्या मिरच्या तिथे वाळत पडलेल्या. पांढरी साडी मिरच्यांवर टाकण्याइतका लवू वेडा नव्हता. त्याने गणपतीच्या मांडवाचा बांबू उचलला, साडीचं एक टोक त्याला बांधलं आणि बांबू उभा धरून राहिला. साडी वाऱ्यावर छान फडफडू लागली.

दहा मिनिटांत समितीचा रघू धापा टाकत वर आला. "लवूकाका, पांढरं निशाण कोणाला दाखवताय?"

"निशाण नाय रे. मालनची साडी आहे."

"बांबूला?"

"खाली मिरच्या आहेत."

"अहो, खाली लोक म्हणतायत, ह्या चाळीने माघार घेतली. उतरवा आधी ते."

प्रत्येक मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलेल्या लवूला हे फार लागलं. त्याने खाली जमलेल्या माणसांकडे बघितलं, मग पदराकडे. डाग फिका झाला होता, गेला नव्हता. "पोरीची नोकरी आहे, रघू," तो म्हणाला. "चार वाजेपर्यंत मी हे खाली घेणार नाय."

रघूने डाग बघितला. मालनने त्याच्या आईला दिलेली इंजेक्शनं त्याला आठवली असावीत. तो खाली गेला आणि काळा झेंडा घेऊन आला. बांबूच्या शेंड्याला झेंडा, खाली साडी. रस्त्यावरून घोषणा झाली आणि गर्दी पांगली. फक्त झेंड्याचा काळा रंग कच्चा, साडीला लागायला नको, म्हणून लवूला बांबू तिरका धरून भर उन्हात, उघड्या डोक्याने, तीन तास उभं राहावं लागलं.

चारला साडी खाली आली. मालनने पदर खिडकीशी नेऊन उलटासुलटा बघितला. डागाचं नावनिशाण नव्हतं. ती इतकी मोकळी हसली की लवूच्या छातीवरचा धोंडा उतरला. तो "देवा" म्हणून खाटेवर बसला, आणि तसाच आडवा झाला.

संध्याकाळी मालनने त्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवला, घड्याळ बघत नाडी मोजली. ऊन लागलं होतं, ताप एकशे एक. "नोकरीच्या आधीच पहिला पेशंट," ती म्हणाली.

पूजेमुळेच सगळं निभावलं, हे लवूला सांगायचं होतं, पण तोंडात काचेची नळी होती. सुभद्राने त्याचं बंद तोंड डोळे भरून बघून घेतलं.

"मालन," ती म्हणाली, "ती नळी यादीत नसती ना, तर मी घरीच ठेवून घेतली असती."