शेपटीसाठी जागा

समस्त रहिवाशांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या गल्लीतील मारुतीचे यंदाचे माप गुरुवारी सकाळी सात वाजता घेण्यात येईल. त्या वेळी कोणीही हसू नये. विशेषतः तिसऱ्या मजल्यावरच्यांनी.

ही सूचना कसबा पेठेतल्या आमच्या इमारतीच्या फळ्यावर दर दिवाळीनंतर लागते. तिसऱ्या मजल्यावर मी एकटाच राहतो. दुसऱ्यावर राहतात सूचनेचे लेखक, ताम्हाणेकाका. दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते आणि फावल्या वेळात देवांचे स्वेटर विणत होते. आता निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ विणतात. तुम्ही बरोबर वाचलंत.

काका माप घेतात ते अंघोळ करून, सोवळं नेसून. हातात टेप, कानावर पेन्सिल, मांडीवर आलेखाची वही. वहीत मारुतीचा समोरून एक नकाशा, बाजूने एक, वरून एक. नोंदी अशा : 'मान नाही. सबब कॉलर नाही. गदेचा हात वर, तिकडची बाही बटणाची. शेपटीसाठी जागा सोडणे.' शेजारच्या गणपतीला चार बाह्या लागतात. विणकामाच्या कुठल्या पुस्तकात चार बाह्यांचा स्वेटर सापडला तर दाखवा, असं त्यांचं सगळ्यांना आव्हान आहे. अजून कोणी दाखवलेला नाही.

नक्षी मात्र घरात सुचत नाही. त्यासाठी ते रोज सकाळच्या आरतीला देवळाच्या पायरीवर बसतात. ओवाळताना ज्योत मागे एक पिवळी रेघ सोडते, ती तशीच स्वेटरच्या काठावर उतरते. कापराच्या धुराचा राखाडी, दूर्वांची तीन पाती, सगळं तिथलंच. एकदा मी म्हटलं, काका, डिझायनर झालात की. तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मूळ ड्रॉइंग त्याचं. मी ट्रेसिंग करतो."

टाके ते आकड्यांनी मोजत नाहीत. एक टाका, एक राम. मध्ये बोललेलं चालत नाही. एकदा मी दारातून विचारलं, नळाला पाणी आलं का? ते "आलं" म्हणाले आणि त्यावर एक टाका पडला. वर्षभर मला ऐकवत होते, मारुतीच्या डाव्या बाहीत तुमच्या पाण्याचा एक टाका आहे.

त्यांची सर्वांत मोठी फजिती मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका वर्षी माप झालं, स्वेटर झाला आणि नेमकं त्याच आठवड्यात मारुतीचं शेंदराचं कवच गळून पडलं. वर्षानुवर्षांचे थर ते. आतून निघाला सडपातळ, नाकी-डोळी नीटस मारुती. स्वेटर चढवला तर थोरल्या भावाचा धाकट्याला घातल्यासारखा. गुरव शांतपणे म्हणाले, "देव वाळले." काकांनी तिथेच स्वेटर उसवायला घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेप घेऊन हजर.

आणखी एक खोड. देवाला चढवण्याआधी प्रत्येक स्वेटर ते दिवसभर स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळून हिंडतात. मंडईत भाजी घेतानाही मानेवरून चार बाह्या लोंबत असतात. विचारलं तर म्हणतात, "टोचतो का ते बघतोय. देव बोलत नाही, म्हणून आपण बघायचं."

ताम्हाणेकाकू मात्र बोलतात. गणिताच्या शिक्षिका होत्या. उत्तर चूक असेल तर चूकच म्हणणार. पाहुण्यांपुढे बशी ठेवून सांगतात, "शिरा बिघडलाय. पण तुम्हीही न कळवता आलात."

तर यंदा वारज्याहून मुक्ता नावाची मुलगी आली. तिथे तिचं विणलेल्या कपड्यांचं दुकान आहे. देवळातला मारुती बघून ती हरखली होती. तिला काकांच्या स्वेटरांचं प्रदर्शन भरवायचं होतं. "काका, इट्स सो युनिक," ती म्हणाली, "पण एक तरी पीस माणसासाठी हवा ना. कोणीतरी घालून दाखवेल असा."

"माणसांचं मी करत नाही."

"का पण?"

"माणसं बोलतात."

मी खदखदून हसलो. काकू हसल्या नाहीत. उठून आत गेल्या.

दोन दिवसांनी त्या गच्चीवर धुतलेली लोकर वाळत घालताना भेटल्या आणि न विचारता सांगू लागल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत काकांनी त्यांच्यासाठी एक मरून स्वेटर विणला होता. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, लपून. सगळ्या नणंदांसमोर त्यांनी तो काकूंना दिला. काकूंनी घातला आणि म्हणाल्या, टोचतो. काकांनी तो परत घेतला. दुसऱ्या दिवशी स्वेटर उसवला. त्या लोकरीचा मारुतीचा पहिला स्वेटर झाला. त्यानंतर त्यांनी माणसासाठी विणलं नाही.

"खोटं नव्हते मी बोलले," काकू म्हणाल्या. "पण त्याच्यापुढे अजून बोलायचं होतं. ते राहिलं."

मग मंडईतल्या त्या चार बाह्यांचं मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी पायरीवर काकांशेजारी बसलो आणि आगाऊपणा केलाच. म्हटलं, मारुतीचं चुकलं तेव्हा तुम्ही पुन्हा माप घेतलंत. काकूंचं एकदाच का? काका आरतीकडे बघत म्हणाले, "तुम्हाला कोणी विचारलं होतं?" पण त्या दिवसापासून दुसऱ्या मजल्याचं दार बंद राहू लागलं. आतून रामराम तेवढं ऐकू यायचं. आणि काका मंडईत दिसायचे ते मफलर नीट गुंडाळून. मफलरखाली काय आहे, ते दाखवत नव्हते.

वारज्याच्या हॉलमध्ये प्रदर्शनाला बरीच गर्दी होती. चार बाह्यांपुढे लोक फोटो काढत होते. शेवटी मुक्ताने विचारलं, काका, तो एक पीस? काकांनी पिशवीतून मरून स्वेटर काढला. काठाला ज्योतींची बारीक पिवळी रांग. मुक्ताने एका उंच मुलीला पुढे बोलावलं, पण काका तिच्या शेजारून सरळ पहिल्या रांगेत गेले आणि काकूंपुढे उभे राहिले. साहेबापुढे नकाशा धरावा तसा त्यांनी दोन्ही हातांनी स्वेटर धरला होता.

काकूंनी तो घातला. खांदा, बाही, उंची, कुठे सुताचा फरक नाही.

"माप कधी घेतलंत?" काकूंनी विचारलं.

"पाठ आहे," काका म्हणाले. मग अगदी हळू, "गळ्याशी कसा आहे?"

काकूंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मी मनातल्या मनात मारुतीला म्हटलं, या बाईंना आयुष्यात एकदाच खोटं बोलू दे. काकूंनी दोन्ही हातांनी स्वेटर पोटाशी घट्ट धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाल्या :

"अहो, अजून टोचतोच आहे. पण आता उसवायला मागितलात तर देणार नाही."