विशेष बाब म्हणून कासव

माणसाला पाण्यावाचून राहायची सवय लावता येते. कासवाला लावता येत नाही. या सत्याचा शासकीय शोध लागला तो होऊ घातलेल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, देवणी रस्त्यावर, ऐन दुष्काळात.

जिल्हा व्हायचा होता, पण त्याच्या पूर्वतयारीचे साहेब येऊन, दोन वर्षं राहून, बदलूनही गेले. जाताना शिपाई ग्यानोबाच्या ताब्यात त्यांनी सही घेऊन दिलं ते असं: खुर्च्या सात (बसण्याजोग्या चार), नव्या जिल्ह्याचा नकाशा एक (गुंडाळलेला), दक्षिण अमेरिकेतलं गोड्या पाण्याचं कासव एक (जिवंत).

ग्यानोबाच्या गल्लीत घरं त्रेचाळीस आणि नळ अकरा दिवसांआड. कासवाचा कागद मात्र पक्का होता: ‘जलचराच्या हौदासाठी विशेष बाब म्हणून रोज एक टँकर.’ कासव परातीएवढं. त्याला पुरून उरलेलं, म्हणजे जवळपास सगळंच, गल्ली नेई. ग्यानोबाची बायको कोंडाबाई पहिली घागर उचलताना त्याला हात जोडायची. नव्या जिल्ह्याकडून जनतेला मिळालेली ही एकमेव सोय.

मग तपासणीचे साहेब आले. त्यांना बघताच कासवानं मान आडवी मुडपून कवचात घेतली (तिकडच्या काही कासवांची रीतच तशी). ‘जिवंत’ या शब्दापुढं खूण करण्यासाठी साहेब हौदाशी तीन तास उभे राहिले. गल्लीतल्या कुणासाठी साहेब इतका वेळ थांबल्याची नोंद नाही. अखेर नाकपुडी हलली. साहेबांना भरून आलं. असा जीव दुष्काळी भागात ठेवणं हा क्रूरपणा आहे, असा शेरा मारून त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून कासव जीपमध्ये घेतलं आणि नांदेडकडच्या एका तुडुंब तळ्यात सोडायचं ठरवलं. आदेश कासवाच्या नावे असल्यानं टँकरही मागोमाग तळ्यावर निघाला.

“आन् आमचं कसं, सायेब?” कोंडाबाईनं विचारलं.

“तुम्ही जलचर आहात का?”

“पाण्याबिगर आमी बी मरतावच की.”

मुद्दा बिनतोड होता, म्हणून साहेबांनी तो लेखी मागितला. ग्यानोबानं त्रेचाळीस घरांच्या सह्या-अंगठे घेऊन अर्ज केला: ‘आम्हांस जलचर समजावे.’ पंधरा दिवसांत तो परत आला. शेरा होता: ‘अर्जदार अकरा-अकरा दिवस पाण्याविना जिवंत राहिल्याचे दिसून येते. सबब जलचर नाहीत.’

ग्यानोबा ही हकिकत अजून सांगतो. लातूरपासून भोकरपर्यंत शहाणीसुरती माणसं ती नीट ऐकतात, हळहळतात आणि शेवटी सगळी एकच प्रश्न विचारतात. तुम्हीही विचारणार, म्हणून त्यानं आधीच सांगून ठेवलंय:

कासव मजेत आहे.