श्रेणिकनं साल काढलं

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाल्यावर बाविसाव्या दिवशी श्रेणिक चौगुलेनं एखादा छंद लावून घ्यायचं ठरवलं. (ठरवलं त्याच्या बायकोनं, विजयमालानं. श्रेणिकनं फक्त मान डोलावली.) त्या सकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि हा परातीशेजारी उभा राहून एकेका भाकरीला लागणारा वेळ मोबाइलवर मोजत होता.

"चौथीला अकरा सेकंद जास्त लागले," तो म्हणाला.

विजयमालानं पिठाचा हात तसाच वर करून माळा दाखवला. "तिथं मामंजींच्या दुकानाचं गाठोडं हाय. ते आवरा. आणि लगेच खाली उतरू नका."

श्रेणिकच्या वडिलांचं शाहूपुरीत सायकलचं दुकान होतं. दुकान जाऊन वीस वर्षं झाली, वडील जाऊन पंधरा. गाठोड्यात सायकलींची जाहिरातपत्रकं निघाली, दीडशेच्या वर. कुठं फेटेवाला शेतकरी सायकलवरून ऊस नेतोय, कुठं चष्मा लावलेली मास्तरीण हँडल धरून उभी. छापणाऱ्यांनी किंमत छापली होती, पत्ता छापला होता, मालकाच्या मिशा छापल्या होत्या. साल मात्र एकानंही छापलं नव्हतं.

श्रेणिक अस्वस्थ झाला. ज्या माणसानं चौतीस वर्षं दोन मिनिटं उशिरा येणाऱ्याच्या नावापुढं लाल खूण केली, त्याला तारीख नसलेला कागद कसा सोसावा?

पंधरा दिवसांत त्यानं विद्या मिळवली. किंमत रुपये-आण्यांत असली तर पत्रक सत्तावन्नच्या आधीचं. 'नवे पैसे' असले तर चौसष्टपर्यंतचं. पत्त्यात पिनकोड असला तर बहात्तरच्या ऑगस्टनंतरचं. आणि कुठं वार आणि तारीख दोन्ही सापडली, तर विचारूच नका. जुन्या पंचांगाशी ताडून बघायचं की साल हातात!

एवढ्यावर थांबला असता तर तो श्रेणिक कसला. पत्रकं संपल्यावर तो घरातल्या डब्यांची सालं काढू लागला, मग शेजाऱ्यांकडं गेला. शेजारच्या गणपतरावांकडं एक जुनी हातबॅटरी होती. त्यांच्या आजोबांनी वाघाच्या शिकारीत एका गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला आणि साहेबानं खूश होऊन ती दिली, ही गोष्ट अख्ख्या गल्लीला पाठ होती. श्रेणिकनं बॅटरी उलटी केली, भिंग लावलं.

"गणपतराव, हिच्या बुडाला कंपनीच्या पत्त्यात पिनकोड आहे."

"मग?"

"मग ही बहात्तरनंतरची. आजोबा कधी गेले तुमचे?"

"त्रेसष्टला," गणपतराव म्हणाले, आणि त्यानंतर चार महिने काहीच म्हणाले नाहीत.

अशी कीर्ती पसरल्यावर केतन घरी आला. हा केतन पहाटे सायकलवरून राधानगरीपर्यंत जाऊन येणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबाचा सेक्रेटरी. "काका, रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये तुमचं व्याख्यान ठेवतो. स्क्रीन, माइक, सगळं आमचं."

श्रेणिकनं कारखान्याच्या निरोपसमारंभाचा कोट काढला.

शनिवारी जयसिंगपूरहून सासूबाई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. आक्कांच्या यजमानांचंही सायकलचंच दुकान होतं; सोयरीक झाली ती दोन दुकानांच्या ओळखीतूनच. आक्कांनी पिशवीतून एक पाकीट काढून जावयाच्या हातात दिलं. "पावणं, आमच्या दुकानाचं एक पत्रक गावलं. बघा तरी कोण हाय त्यात—"

"आक्का, एक शब्द बोलू नका!" श्रेणिक ओरडला. "पाकीट मी उद्या सगळ्यांसमोरच उघडणार. आधी कळलं तर मजा काय?"

विजयमाला तेव्हा दळणाला गेली होती. ती घरात असती तर व्याख्यानाला हे पाकीट नसतं, आणि बहुतेक व्याख्यानही नसतं.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत विजयमाला आणि आक्का. मागच्या रांगेत, हाताची घडी घालून, गणपतराव. आणे झाले, नवे पैसे झाले, पिनकोड झाला, टाळ्या झाल्या. शेवटी श्रेणिकनं पाकीट उंच धरलं. "हे पत्रक मी आयुष्यात पाहिलेलं नाही. तुमच्यासमोर दहा मिनिटांत साल काढतो."

केतननं ते पडद्यावर दाखवलं. निळ्या शाईत एक लेडीज सायकल आणि तिच्या हँडलला लोंबकळून खदाखदा हसणारी, दोन वेण्यांची एक चिमुरडी.

पुढच्या रांगेत विजयमाला ताठ झाली.

"किंमत बघा. पैसे आहेत, पण 'नवे' नाहीत. म्हणजे चौसष्टनंतर. पिनकोड? नाही. म्हणजे बहात्तरच्या आधी."

विजयमालानं हात हलवून 'पुरे, पुरे' अशी खूण केली. श्रेणिकला वाटलं, आवाज पोचत नाही. त्यानं माइक तोंडाजवळ घेतला.

"आता खाली काय छापलंय? 'दसऱ्याच्या मुहूर्तावर, बुधवार, ता. २९ सप्टेंबर'!" त्यानं पंचांगांचा गठ्ठा पुढं ओढला. विजयमाला खोकली. तिनं गळ्यावरून आडवा हात फिरवला. श्रेणिकनं केतनला सांगितलं, "आमच्या मिसेसना पाणी दे," आणि पंचांग डोक्यावर धरलं. "एकोणीसशे एकाहत्तर! दुसरं सालच बसत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबल्यावर मागून गणपतरावांचा चार महिन्यांचा साठलेला आवाज आला.

"सायकलचं साल काढलंसा, ब्येस झालं. त्या पोरीचं काढा की! का माणसांचं जमत न्हाय तुमास्नी?"

डिवचल्यावर गप्प बसायची श्रेणिकची पद्धत नव्हती. भिंग घेऊन तो थेट पडद्याला भिडला. "सोपं आहे. ही हसतेय. वरचे पुढचे दोन दात पडलेत. दुधाचे दात! म्हणजे सहा पूर्ण. एकाहत्तर वजा सहा. पोरीचा जन्म एकोणीसशे पासष्ट, लिहून घ्या!"

"बरोबर!" आक्का अभिमानानं उभ्या राहिल्या. "पासष्टचीच! आमची विजू हाय ती!"

श्रेणिकनं पडद्यावरून मान वळवून पुढच्या रांगेकडं बघितलं.

श्रेणिकचा जन्म सदुसष्टचा. विजयमालाचा एकोणसत्तरचा, असं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, आणि एकतीस वर्षं तो हाच हिशेब धरून संसार करत होता. माइक अजून तोंडाजवळच होता, त्यामुळं तो जे पुटपुटला ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं: "म्हणजे... मी लहान?"

पुढची पाच मिनिटं अख्खा हॉल हसत होता. गणपतराव तर हसता हसता खुर्चीवरून घसरले आणि श्रेणिकशी त्यांचा अबोला तिथंच संपला.

परतताना रिक्षात तिघं बसली, आक्का मधे. विजयमाला बाहेर बघत होती. पदराचं टोक तिनं बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"लग्नाआधी मला सांगायचं होतं," ती बाहेर बघतच म्हणाली. "आमचे वडील म्हणाले, गप ऱ्हा. मग सांगायला रोज भ्या वाटायचं. पन्नाशीचा केक आणलासा तवा मी चोपन्नची हुते. तो घास गिळवंना मला."

"पण दाखला, आधार कार्ड..."

"कपाटात हाय की सगळं. खरंच लिवलंय त्यात. तुम्ही कधी बघितलंच न्हाय."

ते खरं होतं. स्वतःचं आधार कार्डसुद्धा श्रेणिक तिच्याकडूनच मागून घेत असे.

त्याला राग यायला हवा होता. तो वाट बघत राहिला, पण राग काही येईना. त्याला भलतंच आठवत होतं. "तू लहान आहेस, तुला नाही कळायचं," असं तो हिला किती वेळा म्हणाला असेल? गॅसचा नंबर लावताना, प्लॉट घेताना, पोरीचं लग्न ठरवताना. आणि दर वेळी ही खाली मान घालून हसायची, ते लाजून नव्हे तर!

आक्कांच्या पाठीमागून हात नेऊन त्यानं तिच्या खांद्यावर ठेवला. "विजू, मला काही वाटलं नाही. खरंच. एवढंच लागलं मनाला, की तुमच्या घरच्यांनी माझ्या वडिलांना फसवलं. फार सरळ माणूस होता तो."

"फसवलं?" आक्का एवढ्या जोरात वळल्या की रिक्षावाल्यानंही मागं बघितलं. "कुणी फसवलं? आमची धाकटी दाखवाय काढलीती. तुमच्या वडलांनीच मोठी मागून घेतली! आन मोठी म्हणून तुम्ही नको म्हणाल, तर वय कमी सांगायचं बी त्यांनीच ठरवलं. म्हणाले, आमच्या श्रेणिकला लहान बायको आणली तर घरात दोन पोरं हुतील."

विजयमालानं पहिल्यांदाच आत बघितलं. हे तिलाही नवीन होतं. तिच्या बोटाभोवतीचा पदर सुटला आणि ती तोंडावर हात दाबून गदगदा हलायला लागली.

श्रेणिकनं कोटाचं वरचं बटण काढलं. "मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"सांगणार हुते की," आक्का समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "म्हणाले, जरा मोठा हुंदे त्याला, मग सांगू."