लोटाची बायको आणि काकासाहेबांची मिशी

"आपला पवित्र तोरा ग्रंथ म्हणजे काय चकना आहे का रे, दारूबरोबर खायला?" रूबेन अष्टमकर इतक्या मोठ्याने ओरडले की, वरच्या मजल्यावर काकासाहेबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

भाचा सॅमसन शांत होता. बिडकीनच्या कारखान्यात आठवडाभर साहेबांचा आरडाओरडा ऐकून त्याचे कान तयार झाले होते. "मामा, परदेशात असंच करतात. त्या आठवड्याच्या पाठात जी गोष्ट, तिला शोभेलसं पेय. आधी धडा, मग ग्लास. माणसं येतात."

शेवटच्या दोन शब्दांनी रूबेनकाका विरघळले. ठाण्याला असताना सिनेगॉग होते, माणसे होती. निवृत्तीनंतर बहिणीच्या आग्रहाने ते मुकुंदवाडीत राहायला आले आणि इथे बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरे हुडकावी लागत. तोरातला त्या आठवड्याचा भाग ते दर गुरुवारी संध्याकाळी मराठीतून समजावून सांगत. ऐकायला बायको दीना, विणकाम करत. आणि सॅमसन, जांभया देत.

पहिल्या गुरुवारी धड्यात नोहा आला, महापुरातून जनावरांच्या जोड्या नावेत वाचवणारा. सॅमसनने व्होडकात निळे सरबत घालून जलप्रलय केला आणि त्यावर हत्ती-उंटांच्या आकाराची बिस्किटे सोडली. धडा संपेपर्यंत सगळे प्राणी बुडाले होते. पण कारखान्यातले दोघे आले आणि वरून काकासाहेबही उतरले.

"गुरुवारी मी घेत नाय," ग्लास उजेडाकडे धरून ते म्हणाले, "पर हे तीर्थ हाय."

पुढच्या खेपेला त्यांनी आपले तीन पाहुणे आणले. रूबेनकाका रंगात येऊन सांगत होते, की देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम बापाचे घर सोडून निघाला.

"निघाला ना?" काकासाहेब मध्येच म्हणाले. "पोचला?"

"पोचला, पण..."

"मंग भरा."

रूबेनकाकांचा तिळपापड झाला. "माझा धडा म्हणजे यांचा बर्फ फुटेपर्यंतचा टाइमपास!" ते दीनाकाकूंजवळ फणफणले. पण खोली भरली होती. भरलेली खोली रिकामी करायचा धीर त्यांना झाला नाही.

तिसऱ्या गुरुवारी लोटाची गोष्ट होती. सदोम नगरी जळत होती, मागे वळून पाहू नका असे बजावलेले असताना लोटाच्या बायकोने पाहिले आणि तिचा मिठाचा खांब झाला. सॅमसनने ग्लासांच्या कडांना लिंबू चोळून जाडे मीठ लावले. काकासाहेबांनी कडा चाटूनपुसून स्वच्छ केली, पुन्हा मीठ लावून मागितली, आणि तृप्त होऊन वर गेले.

थोड्याच वेळात ते परत आले. यावेळी त्यांचे कोपर मनकर्णाबाईंच्या मुठीत होते.

"माझ्या नवऱ्याच्या मिशीला मीठ कुणी लावलं?"

सॅमसनने मिठाची बशी पाठीमागे सरकवली.

"डाक्टरनं बीपीपायी मीठ बंद केलंय यांचं. मी अळणी वरण रांधते, अन् जोडीनं मीबी अळणीच गिळते. अन् तुमी इथं दारू पाजून वरून मीठ चाटवता? देवाच्या नावाखाली?"

"मावशी, मीठ गोष्टीतलं आहे," सॅमसन पुटपुटला.

"कंची गोष्ट?"

आता धर्माच्या अब्रूचा प्रश्न होता. रूबेनकाकांनी बाईंना खुर्ची दिली आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली. हातात ना ग्लास ना विणकाम असा श्रोता जांभई न देता शेवटपर्यंत बसला, असे प्रथमच घडत होते.

"तिनं नुसतं मागं पाह्यलं?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"हो."

"मागं तिचंच घर जळत व्हतं ना?"

"हो. जावईही मागेच राहिले होते."

"मंग बाई पाहणार नाय तर काय करंल! अन् तो लोट? त्याचं काय झालं?"

"तो वाचला," रूबेनकाका जरा घुटमळले. "गुहेत जाऊन राहिला."

"अन् तिथं?"

"तिथं... थोडा द्राक्षारस..."

"शुद्ध हरपेपर्यंत प्यायला," दीनाकाकू विणकामातून मान वर न करता म्हणाल्या.

मनकर्णाबाई ताडकन उठल्या. "म्हंजे मागं पाहणारी मीठ झाली, अन् पिऊन पडणारा सुटला! हा कुठला न्याय, भाऊ?"

"यावर मोठमोठ्या विद्वानांनी..."

"विद्वान समदे बापेच असतील."

रूबेनकाकांनी आधारासाठी बायकोकडे पाहिले.

"मलाही हेच विचारायचं होतं," दीनाकाकू म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लग्न झालं त्या वर्षापासून. दरवर्षी हा धडा येतो आणि दरवर्षी तुम्ही इथून घाईघाईनं पुढं सरकता."

पुढच्या गुरुवारी बाटली निघालीच नाही. पुरुषांपैकी एकटा सॅमसन आला. मनकर्णाबाई मात्र इमारतीतल्या चार बायका घेऊन आल्या आणि पुढे सतरंजीवर बसल्या. विणकाम आत ठेवून दीनाकाकूही त्यांच्यात जाऊन बसल्या.

रूबेनकाकांनी घसा साफ केला. "तर, अब्राहामाची बायको सारा वारली..."

"थांबा," दीनाकाकू म्हणाल्या. "त्याआधी तिच्या एकुलत्या एका मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेलं होतं. ते तिला विचारून नेलं होतं का?"

"काय? पोराला?" मनकर्णाबाई किंचाळल्या. "बापानं?"

"मुलगा वाचला हो शेवटी!"

"ते ऱ्हाऊ द्या. आईला विचारलं का?"

रूबेनकाकांचे कान लाल झाले. आजवर पहिल्याच ओळीत त्यांना कुणी अडवले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पाने मागे उलटली.

"नाही विचारलं," ते म्हणाले.

"मंग आधी ते नीट सांगा," मनकर्णाबाईंनी मांडी ठोकली. "आमाला घाई नाय. सैपाक करूनच आलोय."