पुस्तकांची पाठ भिंतीकडे

डोळ्यांवर पट्टी बांधा आणि मला शाळेच्या ग्रंथालयात सोडा. म्हणाल ते पुस्तक काढून दिलं नाही, तर नावाची मावशी नाही! एकतीस वर्षं त्या पुस्तकांची धूळ पुसलीय मी. ग्रंथपाल सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, तेव्हापासून पोरांना पुस्तकं काढून द्यायची ती मीच.

एक गोष्ट मात्र शाळेत कुणाला ठाऊक नव्हती. मी जेमतेम दुसरी शिकलेली. पुस्तक ओळखायचं ते रंगावरून, जाडीवरून, डागावरून. कुणी काही वाचायला सांगितलं की माझं उत्तर तयार, "चष्मा घरी राहिला!" घरच्यांनाही पत्ता नव्हता. ह्यांना होता, ते गुपित घेऊन वर गेले. आता नातीला सांगावं लागलं, कारण हे सगळं तीच लिहून घेतेय. (लिही गं मुकाट्यानं, हसू नकोस!)

तर मोठ्या बाईंच्या मनात आलं, ग्रंथालय आधुनिक करायचं. मी छाती काढून म्हटलं, "माझी सून लोकांची घरं सजवते. तिला द्या काम!" झालं. स्वतःच्या हातानं धोंडा उचलला आणि नेम धरून पायावर पाडला.

सूनबाई आल्या, डोळे बारीक केले.

"आई, इथं रंग फार झालेत हो. नजरेला शांतता हवी."

"नजरेला शांतता हवी तर झोपावं. हे ग्रंथालय आहे!"

ऐकेल तर ती सून कसली! भिंती सायीच्या रंगाच्या, कपाटं सायीच्या रंगाची. बाकं जाऊन गाद्यांची गाठोडी आली. गणिताचे सर एकावर बसले ते तिघांनी ओढेपर्यंत उठले नाहीत. आणि कळस म्हणजे सगळी पुस्तकं उलटी लावली! नावाची बाजू भिंतीकडे, पानांची कड आपल्याकडे. सगळं कसं एकरंगी. रुसून बसलेल्या नवऱ्यांची रांगच जणू!

खिडकीजवळ माझं स्टूल असायचं. ते दिसेना.

"आई, ते ह्या खोलीला शोभत नाही."

"आणि मी?"

सूनबाई फळीवरची नसलेली धूळ झटकत राहिल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आता फाटकाजवळ बसा. घंटा द्यायची फक्त."

उद्घाटनाला पाहुणे आले. म्हणाले, "जरा मोठा शब्दकोश काढा बघू."

मोठ्या बाईंनी हात घातला, निघालं रोगराईचं पुस्तक. भाषेच्या बाईंना परीकथा मिळाली, गणिताच्या सरांना कोंबडीपालन! एवढ्या शिकलेल्या माणसांना एक नाव वाचता येईना. आलात ना माझ्या पंगतीला!

मी फाटक सोडून दाराशी येऊन बसले होते, ती उठले. खालच्या कडेवर निळ्या शाईचा डाग, कोपरा उंदरानं कुरतडलेला. शब्दकोश! पाहुण्यांनी आणखी तीन मागितली. तिन्ही काढली. टाळ्या!

"ह्या मावशी म्हणजेच तुमचं ग्रंथालय!" पाहुणे म्हणाले.

मोठ्या बाई लोण्यासारख्या वितळल्या. "मावशींचं स्टूल आणा रे! मावशी, आता प्रत्येक फळीवर पुस्तकांच्या नावांच्या चिठ्ठ्या तुम्हीच लावायच्या. पहिली आत्ताच लिहा, फोटो काढू."

स्टूल आलं. मी बसले. हातात पेन आलं.

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "चष्मा घरी राहिला."

सूनबाई कौतुकानं पुढं झाल्या. "अहो आई, डोळ्यांवरच आहे की!"

फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. तो अजून कार्यालयात लावलेला आहे. त्यात पाहुणे वर छताकडे बघतायत, मोठ्या बाई माझ्याकडे बघतायत आणि कागद कोरा आहे.

कुणी तोंडावर बोललं असतं तर मी परतून दिलं असतं! दुसऱ्या दिवशी माझं स्टूल फाटकाजवळ होतं, एवढंच. सूनबाई घरी चार वेळा म्हणाली, "मला माहीत असतं तर..." मी म्हटलं, "भाजी करपतेय, तिकडे बघ."

हल्ली घंटा देते. घंटेवर काही लिहिलेलं नसतं, ते एक बरं. पुस्तकं अजून उलटीच आहेत. मधल्या सुट्टीत शिकलेली माणसं घाम पुसत फाटकापर्यंत येतात.

"मावशी, तेवढं भूगोलाचं जाड पुस्तक कुठल्या फळीवर असेल हो?"

मी चष्मा नाकावर नीट बसवते आणि सांगते, "चष्मा घरी राहिलाय हो!"